वाढल्या दाढीचे जमादार

पोलीस खात्यात डोक्यात अक्कल नसली तरी चालते, पण गालावर दाढी असलेली चालत नाही. सकाळी हजेरीला शिपायाचा गाल गुळगुळीत हवा, पट्ट्याचं बक्कल चकचकीत हवं, मग आत माणूस कसाही असो. असं असताना आमच्या चौकीचे जमादार वर्षातले कितीतरी दिवस दाढी वाढवून हिंडत. मी लग्न होऊन माहेरच्या तळा गावाहून या खाडीकाठच्या पोलीस लाइनीत आले, तेव्हा शेजारच्या ओसरीवर घोंगडी टाकून बसलेला, पांढरेकाळे खुंट वाढलेला, कपाळ उघडंबोडकं असा एक माणूस मला दिसला. मला वाटलं, कोणी चोर पकडून आणलाय आणि कोठडीत जागा नाही म्हणून बाहेर बसवलाय. मी पदर सावरून लांबून गेले. ह्यांनी मात्र टाचा जुळवून त्या चोराला कडक सलाम ठोकला.

"अगं, ते आमचे जमादार," खोलीत आल्यावर हे म्हणाले. "त्यांना सुतक आहे."

"अगबाई! कोण गेलं?"

"ते कुणालाच माहीत नाही."

नव्या नवरीची थट्टा चाललीय असं मला वाटलं. पण ती थट्टा नव्हती.

आमची चौकी अगदी खाडीच्या तोंडावर होती. उत्तरेला हरिहरेश्वर, समोर खाडी आणि खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा, म्हणजे दुसऱ्याची हद्द. चौकीच्या मागे कौलारू खोल्यांची एक ओळ, तीच आमची लाइन. त्या जागी पाण्याची अशी काही ओढ होती की लांब कुठे बुडालेला माणूस आमच्याच वाळूच्या पुळणीवर येऊन लागे. कधी गलबतावरून पडलेला खलाशी, कधी देवळामागच्या खडकांवरून लाटेने ओढून नेलेला यात्रेकरू. कोणी कोळी धावत चौकीवर यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "जमादारांनू, पुळणीव मानूस लागलाय!" मामा, म्हणजे जमादार, टोपी घालत उठायचे. "आलो. तोवर त्यांना उन्हात ठेवू नका," असं सांगायचे.

"त्यांना" हे ऐकून नवीन माणूस चमकायचा. कारण जिवंत माणसांना मामा सरसकट अरे-तुरे करत. गावचा खोत असो की लाँचचा मालक असो, "काय रे, कुठं चाललास?" याच्यावर त्यांची मजल जात नसे. मेलेल्या माणसाला मात्र अहो-जाहो. अंगावर चादर घालताना "फार लांबून आलात हो" असं पुटपुटायचे आणि शिपाई तोंड फिरवून हसायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, मेलेल्याला कसलं अहो म्हणायचं?" तर म्हणाले, "सूनबाई, त्यांचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, वय कळत नाही. अनोळखी माणसाला एकदम अरे म्हणतात का कुठं?"

त्या काळी किनाऱ्यावर एक रीत होती, ती लिहायला लाज वाटते. प्रेत लागलं की पंचनामा आला, तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत राखण आली, वास आला. हे सगळं टाळायला काही ठिकाणचे शिपाई ओहोटी लागली की बांबूने प्रेत हळूच पाण्यात लोटून देत. ते वाहत दुसऱ्याच्या हद्दीत गेलं की यांची सुटका. तिकडच्यांनी भरतीला परत इकडे लोटलं, असंही घडे. आमच्या चौकीत नवीन आलेल्या एका शिपायाने हातात बांबू घेतला, तो मामांनी त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याच्याच पाठीत एक घातला. "दारात आलेल्याला ओहोटीला लावतोस? तुझा बाप आला असता तर?" तो शिपाई पुढे मामांचा भक्त झाला.

धर्म कळला तर मामा त्या त्या लोकांना बोलावून घेत. मोहल्ल्यातले चाचा येऊन जनाज्याची नमाज पढत, नाहीतर गावचे भटजी येऊन मंत्र म्हणत. काहीच कळलं नाही तर सुरूच्या बनामागे मूठमाती, आणि मग चाचा आणि भटजी दोघांनाही बोलावणं. शेवटी कागदावर "बेवारस" असं लिहावं लागे. ते लिहून झालं की मामा घरी येऊन डोक्यावरून पाणी घेत आणि घोंगडी टाकून बसत. तिथपासून दहा दिवस सुतक. चौकीचं काम चालू, पण दाढी नाही, तेल नाही, गोडधोड नाही, देऊळ नाही. गुन्हेगाराला आणलं तरी घोंगडीवरूनच दटावायचे.

त्यात खरी परवड झाली ती मामींची. नवऱ्याला सुतक म्हणजे बायकोला सुतक. मामी म्हणायच्या, "माझ्या सासरची माणसं समुद्रातनं येतात गं. लग्नाला एवढी नव्हती आली." एका वर्षी गणपतीची मूर्ती आणून पाटावर रुमाल घालून ठेवली होती, करंज्यांचं सारण तयार होतं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोळ्याची हाक आली. मूर्ती आमच्या खोलीत आणावी लागली. मी पूजा केली, करंज्या तळल्या, आणि मामी मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडून "जायफळ घातलंस का गं?" असं ओरडून विचारत राहिल्या. मला हसू आलं आणि मग कुडापलीकडे त्या रडतायत हे कळलं, तेव्हा हातातली करंजी मी ताटात परत ठेवली.

तपासणीला फौजदारसाहेब आले तेही नेमके अशाच दिवसांत. सगळे शिपाई ओळीने उभे, आणि पुढे जमादार आठ दिवसांच्या दाढीसकट. साहेब कडाडले, "हा काय अवतार?"

"साहेब, मयत झालंय."

"कोण वारलं?"

"माहीत नाही, साहेब."

मग मामांची चांगली खरडपट्टी निघाली, वर कळवण्याची धमकी झाली. पण जाताना साहेब मामांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. काय बोलले ते मामांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "साहेबाच्या मागंही अशी गेलेली बरीच माणसं आहेत. घोंगडीवर बसायला वेळ मिळत नाही बिचाऱ्याला."

भटजीबुवांना हे सगळं मान्य नव्हतं. बेवारस प्रेताला अग्नी देणं पुण्याचं, पण न गोत्र न नातं, त्याचं दहा दिवस सुतक धरणं शास्त्रात नाही, असं त्यांनी ओसरीवर येऊन सांगितलं. मामा म्हणाले, "शास्त्रात पोलीसही नाही, भटजीबुवा. आमचं आम्हालाच बघावं लागतं." भटजीबुवा चिडून गेले खरे, पण पुढच्या वेळी बोलावल्यावर आले.

पोलीस जे बघतो ते तो घरी आणून ठेवतो कुठे, हे लाइनीत राहिलेल्या बायकांना विचारावं. दारूबंदीचे दिवस होते; पकडलेली दारू मातीत ओतायची ती आमच्यातल्या एकाच्या घशात ओतली जाई. दुसरा एक फास लावून घेतलेलं माणूस उतरवून आला की त्या दिवशी बायकोला मारणार हे सगळ्या लाइनीला ठाऊक असे. एक नुसते विनोद करायचा, प्रेतांचे विनोद, आणि स्वतःच हसायचा. आमचे हे शिट्टी घालायचे. काहीही बघून आले तरी चिंच आणि राख घेऊन दारात बसायचे, बक्कल घासायचे आणि शिट्टी घालायचे. मला वाटे, माझा नवरा किती आनंदी! मामा एकदा मला म्हणाले, "सूनबाई, याची शिट्टी थांबली तर मला सांग." मला त्यांचा रागच आला. चांगल्या माणसाबद्दल कशाला असं बोलावं?

मामांनी ही रीत धरली कशी, ते त्यांनीच एकदा आम्हा दोघांना सांगितलं होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे, मामा दुसऱ्या बंदरावर शिपाई असताना, वादळात एक मोठा शिडाचा पडाव फुटला. किनाऱ्यावर माणसंच माणसं आली. वरून हुकूम आला, ओळखीची देऊन टाका, बाकीची एकाच खड्ड्यात घाला. खड्डा खणायला मामा होते. "घरी आलो, जेवलो, झोपलो. काय सुद्धा झालं नाही," मामा म्हणाले. "मला वाटलं, आपण भारी खंबीर." मग बरेच दिवसांनी ते न्हाव्याकडे दाढीला बसले. न्हाव्याने गालाला पाणी लावलं आणि मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. थांबेचना. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "शिपाईबुवा, घरात कोन गेलंय का?" मामांच्या तोंडून "व्हय" गेलं. "मंग धा दिस झाल्याबिगर वस्तऱ्याखाली कशाला बसलाव? घरी जावा. म्या न्हाय दाढी करायचा." न्हाव्याने हात धरून त्यांना उठवलं. मामा घरी गेले आणि खरंच दहा दिवस बसले. दहाव्या दिवशी त्याच न्हाव्याने त्यांचं डोकं केलं. "त्या दिवशी मी जो झोपलो सूनबाई, तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठलो. तेव्हा कळलं, शोकाला दार असावं. आत जायचं आणि दहा दिवसांनी बाहेर यायचं. दारच नसलं की तो घरभर हिंडतो."

हे तेव्हा हसले होते. शिट्टीही घातली होती.

मग ती यात्रा आली. हरिहरेश्वरची यात्रा आटोपून लोक खाडी ओलांडून पलीकडे परतत होते. धक्क्यावर बंदोबस्ताला हे होते. तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, किती माणसं चढू द्यायची ते ह्यांनी बघायचं. एक होडी भरली, हे आडवी काठी धरून उभे राहिले. तेवढ्यात एक बाई पुढे आली. एकटीच, कमरेला गाठोडं. हात जोडून म्हणाली, "दादा, मला तेवढी जाऊ द्या. पलीकडं लवकर पोचायला होवं." ह्यांनी काठी वर केली. दुसरा असता तर खेकसला असता. ह्यांचा स्वभाव तसा नव्हता.

मध्यावर ती होडी कलली आणि उलटली. कोळ्यांच्या होड्या जवळ होत्या, त्यांनी झडप घालून माणसं वर काढली. हे स्वतः उडी टाकून दोघांना घेऊन आले. सगळी मिळाली. ती बाई मिळाली नाही. ओहोटीचं पाणी तिला घेऊन गेलं.

चौकशी झाली. होडी जुनी होती, तरीवाल्याने आधीच जास्त माणसं घेतली होती, असा निकाल लागला. ह्यांना कोणी बोल लावला नाही. उलट दोघांना वाचवलं म्हणून पाठ थोपटली. हे घरी आले, चिंच आणि राख घेऊन दारात बसले आणि बक्कल घासू लागले. घासत राहिले, घासत राहिले. शिट्टी आलीच नाही.

त्यानंतर माझं माणूस माझ्या डोळ्यांदेखत जायला लागलं. पानात पडेल ते खायचे, काय खातोय याकडे लक्ष नसे, आणि दोन घासांत उठायचे. डोक्यावर पाण्याचा तांब्या घेतला की श्वास अडकून बाहेर पळायचे. कामाची पाळी नसली तरी धक्क्यावर जाऊन पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे. तरीत पाय ठेवायचं नाव नाही, नुसतं बघत राहायचं. माझा सातवा महिना चालू होता. आई तळ्याहून मला न्यायला आली होती. "बाळंतपण इथं कोण करणार?" म्हणाली. मी तिला परत पाठवलं. मी माहेरी गेले असते तर ह्यांनी खाडीत पाऊल टाकलं असतं याची मला खात्री होती. मला मुलाची भीती नव्हती, मुलाच्या बापाची होती.

मी मामांकडे गेले. मला रडायचं नव्हतं, पण रडले. म्हटलं, "मामा, शिट्टी थांबली."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "थांब जरा. बाईंना येऊ दे."

बाई आल्या त्या आमच्याच पुळणीवर. हातात हिरव्या बांगड्या होत्या, म्हणून त्या सवाष्ण एवढं कळलं. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत दवंडी पिटली, पोलीस पाटलांना निरोप गेले. कोणी आलं नाही. यात्रेला कुठून कुठून माणसं येतात. घरच्यांना ती परतलेली नाही हे तरी केव्हा कळणार? आणि त्याच दिवसांत मामांच्या मुलीचं, शालूचं, लग्न ठरलेलं होतं. दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. ते लग्न मामांच्या सुतकापायी एकदा पुढे गेलेलं होतं. मामींचा जीव टांगणीला लागला होता. सगळी लाइन एकच गोष्ट बघत होती, की आता जमादार काय करतात.

दुपारी मामा आमच्या दारात आले. दाढी केलेली, गाल चकचकीत. हे भिंतीला टेकून बसले होते. मामा समोर उकिडवे बसले आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कोणापुढे अजिजी करताना पाहिलं.

"माझी एक अडचण आहे रे," म्हणाले. "पोरीचं लग्न दहा दिवसांच्या आत आहे. ह्या बाईंचं सुतक मला धरता येत नाही. आणि त्यांना कोणी नाही. तू धरशील का?"

हे किती दिवसांनी बोलले. "माझा काय संबंध, मामा?"

"तुला दादा म्हणाल्या ना?"

ह्यांनी मान वर केली.

"भर धक्क्यावर म्हणाल्या. शंभर माणसांनी ऐकलं. मला म्हणाल्या असत्या तर मी लग्न पुढं ढकललं असतं. पण मला नाही म्हणाल्या, तुला म्हणाल्या."

हे उठले. खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला आणि मामांच्या मागून चालू लागले. अग्नी ह्यांनी दिला. घरी आले ते ओसरीवर घोंगडी टाकून बसले. मी माझं कुंकू तेवढं ठेवलं, बाकी सगळं सुतकाचं पाळलं. एका अनोळखी नणंदेचं सुतक.

गावाने मामांना सोडलं नाही. "स्वतःच्या पोरीचं लग्न आलं तसं जमादारांचं सुतक आटपलं," असं न्हाव्यापासून खोतापर्यंत सगळे बोलले. ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या दाढीची टिंगल केली तेच आता त्यांच्या गुळगुळीत गालाला हसू लागले. मामा ऐकून घेत.

ते दहा दिवस मामा रोज संध्याकाळी येत, शिवाशीव नको म्हणून ओसरीच्या खाली पायरीवर बसत आणि ह्यांना एकच गोष्ट विचारत, "काय म्हणाल्या होत्या त्या, परत सांग." पहिल्या दिवशी ह्यांना सांगता येईना. नुसतं तोंड उघडायचं. मग एक शब्द, मग दोन. मग बाईंचं गाठोडं कसं होतं ते. मग काठी कशी वर केली ते. मग उलटलेल्या तरीखाली हाताला काय लागलं आणि काय सुटलं ते. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते आणि मला कळत होतं की हे मला त्यांनी कधीच सांगितलं नसतं. मामा मध्ये एक अक्षर बोलत नसत. सांगून झालं की "बरं" म्हणत आणि मांडवाच्या कामाला जात.

शालूचं लग्न कुडापलीकडे वाजलं. मंगलाष्टकं आम्ही खोलीत बसून ऐकली. लग्न लागल्यावर मामी जरीच्या लुगड्यात आमच्या दारापाशी आल्या, लांब उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "एक सांगू? व्याही स्वतः येऊन गेलेवते. म्हनाले, जमादार, तुमची रीत आमाला ठावी हाय, तारीख पुढं ढकलायची तर ढकला. ह्यांनीच नको म्हटलं." मी उंबऱ्यापर्यंत पुढे आले. "तुझ्या घोवासाठी गं," मामी म्हणाल्या आणि डोळे पुसत वऱ्हाडात निघून गेल्या. म्हणजे मामांची अडचण मुळात नव्हतीच. ह्यांना हे मी सांगितलं नाही, आणि मामांनाही मला कळलंय असं दाखवलं नाही.

पुढे वर्षभरात मामांची उरणकडे बदली झाली. तिथूनच ते निवृत्त झाले आणि तिथेच गेले. बदलीच्या दिवशी निम्मं गाव धक्क्यावर आलं होतं, त्यात टिंगल करणारेही होते. पण माझ्या मनात मामा म्हटलं की तो दिवस येत नाही. येतो तो त्या बाईंचा दहावा.

दहाव्याला बायका जात नाहीत, पण आमच्या ओसरीवरून खाडीचा सगळा काठ दिसे. मी खांबाला धरून उभी होते. खाली भटजीबुवा, हे, मामा आणि दोनचार शिपाई. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत बसले. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना. ऊन चढलं. मला वरून बोलणं ऐकू येत नव्हतं. काय झालं ते नंतर भटजीबुवांनीच सांगितलं. ते ह्यांना म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल. घरचं माणूस कबूल करतं, तुझ्या मुलांना सांभाळीन म्हणून, नाहीतर शेत सोडवीन म्हणून. तुम्हाला तर यांचं काहीच ठाऊक नाही. आता दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू आणि मोकळे होऊ."

हे म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्यांना पलीकडं जायचं होतं."

भटजीबुवा मामांकडे बघू लागले. मामा म्हणाले, "मग ने की."

मी वरून बघितलं ते एवढंच, की ह्यांनी पिंड दोन्ही हातांत उचलून घेतला आणि धक्क्याकडे चालू लागले. धक्क्याला नवी तर लागलेली होती. हे तरीपाशी थांबले. पाऊल उचललं आणि परत खाली ठेवलं. मामा शेजारी उभे होते. त्यांनी ह्यांना हात दिला नाही, पाठीवर ठेवलाही नाही. नुसते उभे राहिले. आणि मग हे चढले.

होडी हळूहळू गेली. जिथे ती उलटली होती तिथून जाताना तरीवाल्याने वल्हं क्षणभर थांबवलं, मग पुन्हा मारलं. मी पोटावर हात ठेवून देवाचं नाव घेत होते. पलीकडे ठिपक्याएवढा माणूस उतरला, वाळूत वाकला, आणि चार पावलं मागे सरला. लगेच काळं काहीतरी वरून झेपावताना दिसलं, एक, मग कितीतरी. आणि तो ठिपका वाळूत खाली बसला. तेवढ्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं, पण वारा तिकडून इकडे येत होता म्हणून की काय, मला ह्यांचं रडणं ऐकू आलं. मोठ्याने, लहान मूल रडतं तसं. लग्न झाल्यापासून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मी खांब सोडून खाली बसले आणि मीही रडून घेतलं.

मामा अलीकडच्या काठावर उन्हात उभे राहिले. भटजीबुवा गेले, शिपाई गेले, तरी ते हलले नाहीत. होडी परत आली तेव्हा मात्र त्यांनी वाकून हात पुढे केला आणि ह्यांनी तो धरून वर पाऊल टाकलं. दोघे लाइनीकडे आले. हे अंघोळीला मागच्या विहिरीवर गेले. दुरून घागर ओतल्याचा आवाज येत राहिला, एकामागून एक.

मामा ओसरीशी थांबले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. थकलेले दिसत होते.

"सूनबाई, भात जरा जास्त टाक," म्हणाले. "बाई पोचल्या."